टेरियरवाले भुजंगराव

औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात डोळ्यांचा दवाखाना टाकून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. एका मंगळवारी सकाळी माझे कंपाउंडर रज्जाकमियां यांनी पुढचा केसपेपर टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं : चांदणी भुजंगराव, वय वर्षे पाच. उजव्या डोळ्यानं दिसत नाही.

लहान मूल असेल म्हणून मी ड्रॉवरमधून पेपरमिंटची गोळी काढून ठेवली. आत आले ते पन्नाशीच्या आसपासचे एक उंच, शिडशिडीत गृहस्थ. पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट आणि ऐन उन्हाळ्यात अंगावर शाल. त्यांनी शाल बाजूला केली. आत एक पांढरी, आखूड केसांची, कानाशी तपकिरी डाग असलेली कुत्री होती.

"पेशंट ही हाय," ते म्हणाले. "नंबर लावून आलोय. दीड तास बाहेर बसलो, लाईन मोडली नाय."

"अहो, मी माणसांची डॉक्टर आहे."

"जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. साळवे डॉक्टर म्हणले, डोळ्याच्या आत बघायचं यंत्र आमच्याकडं नाय, औरंगपुऱ्यातल्या बाईंकडं हाय. डोळा तर डोळाच की, बाई."

मी ते यंत्र, स्लिट लॅम्प, लावलं. माणसाची हनुवटी जिथे टेकवायची तिथे त्यांनी चांदणीची हनुवटी अलगद टेकवली आणि तिच्या कानात हलक्या दखनीत काहीतरी सांगितलं. ती दगडासारखी स्थिर बसली. माझ्या पेशंटांपैकी निम्मे तरी इतके शांत बसत नसत.

उजवा डोळा गेलेलाच होता. आतलं भिंग जागेवरून सुटून पुढे येऊन बसलं होतं, डोळ्यातला दाब वाढला होता आणि काळ्या बुबुळावर निळसर ढग आला होता. डावा डोळा वरून चांगला दिसत होता. पण चांदणीनं नजर हलवली की बाहुलीभोवतीचा पडदा दुधावरच्या सायीसारखा थरथरायचा. भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतू त्याही डोळ्यात तुटत चालले होते.

मी ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे घराण्यातून येतं का?"

कुत्रीवाला माणूस असा प्रश्न विचारील अशी माझी अपेक्षा नव्हती. मी म्हणाले, "मला माहीत नाही. वाचून सांगते."

"वाचा. मी गुरुवारी येतो." आणि ते चांदणीला शालीत घेऊन गेले. पेपरमिंटची गोळी मात्र जाताना त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

भुजंगराव मूळचे पाचोडचे. घरची शेती मोठी होती. शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेलं. राज्य गेलं, पण जमिनीचे जुने कागद उर्दूतच राहिले आणि ते वाचणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. भुजंगराव सरकारी रेकॉर्ड रूममध्ये तेच काम करत. कुणाची जमीन कुणाच्या आजोबांकडून कुणाकडे आली, हे ते पिवळ्या कागदांवरून बोट फिरवत सांगायचे. खेड्यातली माणसं त्यांच्यासमोर हात जोडून बसायची आणि ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "हात कशाला जोडता? कागदात असंल ते सांगणार. नसंल ते नाय."

कुत्र्यांचं वेड त्याच काळातलं. त्यांचे वडील छावणीतल्या घोड्यांना कडबा पुरवायचे. पोलिस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतला एक कप्तान घर आवरून हैदराबादला निघाला. त्याच्याकडे फॉक्स टेरियरची एक जोडी होती, जॅक आणि डॉली. ती त्यानं भुजंगरावांच्या वडिलांच्या हवाली केली. भुजंगराव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. कप्तानानं जाताना कुत्र्यांच्या सात पिढ्यांचा कागदही दिला. तो वाचून हा मुलगा थक्क झाला, कारण त्याला स्वतःच्या चारच पिढ्या ठाऊक होत्या.

त्या जोडीपासून पुढे वंश वाढला. औरंगाबाद, पैठण, जालना, जिथे जिथे धान्याची गोदामं होती तिथे ही कुत्री गेली, कारण उंदीर मारण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. लोक त्यांना 'छावणीची कुत्री' म्हणत. भुजंगरावांच्या रेकॉर्ड रूममध्येही उंदरांनी कागद कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी साहेबांना रीतसर अर्ज दिला आणि दर रविवारी एक टेरियर आत सोडायची परवानगी मिळवली. तो अर्ज मी पाहिला आहे. त्यात कुत्र्याचं नाव, वय आणि 'स्वभाव : शांत, परंतु कर्तव्यकठोर' असं लिहिलेलं आहे.

पिल्लू देताना ते पैसे घेत नसत, पण घर बघायला जात. अंगण आहे का, पाणी कुठे ठेवणार, घरात कुणी चिडखोर आहे का, सगळी चौकशी. एका बड्या व्यापाऱ्याला त्यांनी पिल्लू नाकारलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "त्यांच्या घरातला गडी त्यांना बघून भिंतीला चिकटतो. कुत्र्याचं काय होईल?"

गुरुवारी ते आले ते बगलेत एक लांबट वही घेऊन. मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मला एका जाड ग्रंथात चार ओळी सापडल्या होत्या : टेरियरच्या काही जातींत भिंग सुटण्याचा रोग आढळतो, तो आनुवंशिक असावा. मी त्यांना शाळेतल्या वाटाण्याच्या झाडांपासून सुरुवात करून सांगितलं की बहुधा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच कुत्रं आंधळं होतं. एकाकडूनच आला तर ते जन्मभर ठणठणीत राहतं, पण पुढच्या पिल्लांना देत राहतं.

त्यांनी वही जमिनीवर उलगडली. तिला ते शजरा म्हणत. जॅक आणि डॉलीपासूनची सगळी वंशावळ तिच्यात होती, आणि प्रत्येक नावाशेजारी शाईनं काढलेला कुत्र्याचा छोटा चेहरा. चेहरे त्यांचे जिवलग दोस्त हबीबसाहेब यांनी काढले होते. हबीबसाहेब शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, छावणीत राहत, आणि त्यांच्याकडेही याच वंशाची कुत्री होती.

भुजंगराव गुडघ्यावर बसले. बोट चांदणीवरून वर सरकत गेलं. "ही चांदणी. हिचा मामा जालन्याला आंधळा झाला, लोक म्हणले काटा लागला. ही तिची चुलत बहीण, बिडकीनची. म्हणले म्हातारी झाली. सहाच वर्षांची होती." बोट थांबलं. "आमच्याकडं आतेमामे चालतात, बाई. मी कुत्र्यांतबी तेच केलं. चांगलं रक्त घरात रहावं म्हणून."

मग त्यांचं बोट शेजारच्या चेहऱ्यावर सरकलं. तो सुलतान होता, चांदणीचा बाप. पुण्याच्या प्रदर्शनात पहिला आलेला. त्याचं पिल्लू मिळावं म्हणून लोक वर्ष-वर्ष थांबत.

"सुलतानची नजर तर साफ हाय," ते म्हणाले.

"साफच राहील. पण चांदणी आंधळी झाली याचा अर्थ दोष त्याच्यातही आहे."

"म्हणजे दिसत नाय, पण देतो."

"हो."

त्यांनी वही मिटली. "लोकांना सांगावं लागंल," एवढंच म्हणाले.

चांदणीचा डावा डोळा आम्ही वाचवला, म्हणजे जमेल तेवढा. त्या काळी मोतीबिंदू काढताना आम्ही अख्खं भिंगच बाहेर काढत असू, त्यामुळे माझा हात त्याला सरावलेला होता. साळवे डॉक्टरांनी भूल दिली आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर मी आयुष्यातलं पहिलं कुत्र्याचं ऑपरेशन केलं. पुढे तिला धूसर दिसायचं, पण स्वतःचं ताट आणि भुजंगराव ती बरोबर ओळखायची.

नंतरच्या महिन्यात भुजंगरावांनी शजऱ्यातल्या हयात असलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी पोस्टकार्ड धाडलं. गावोगाव माणसांच्या डोळ्यांची शिबिरं होत असत; यांनी माझ्या दवाखान्यात रविवारी कुत्र्यांचं शिबिर भरवलं. माझी परवानगी घेतली, पण अशा रीतीनं की नाही म्हणायला जागा नव्हती. सव्वीस कुत्री आली. पाचोडहून एक शेतकरी एस्टीनं आला होता, कुत्रं पिशवीत घालून, नुसतं तोंड बाहेर काढून. रज्जाकमियां सुरुवातीला दाराआडून नावं पुकारत होते; दुपारपर्यंत एक पिल्लू त्यांच्या मांडीवर झोपलं होतं.

मी तपासायची आणि भुजंगराव कार्ड लिहायचे. 'नजर साफ' किंवा 'नजर धोक्यात.' पण हा रोग कुत्रं पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत लपून राहू शकतो, म्हणून साफ नजरेच्या कार्डावरही खाली एक ओळ ते न चुकता लिहीत : 'आज साफ आहे. सहा वर्षांची होईपर्यंत पिल्लं घेऊ नयेत.' पाच कुत्र्यांची भिंगं हलत होती. त्या पाचही मालकांना त्यांनी एकेक करून बाजूला नेलं आणि सांगितलं, "चूक माझी हाय. जोड मी लावली होती." एकानं आवाज चढवला. भुजंगरावांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि तो दमल्यावर म्हणाले, "आता दर तीन महिन्यांनी डोळा दाखवायला आणा. घ्यायला या म्हणलात तर येईन."

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सगळ्यांसाठी चहा त्यांच्या पत्नीनं, सुभद्राबाईंनी, आणला होता. कपात चहा ओतताना त्या कपाच्या कडेला बोट लावून अंदाज घेत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला जवळचं दिसत नाही का?"

"आठ वर्षं झाली," त्या सहज म्हणाल्या. "सुई ओवायला शेजारणीकडं जाते. ह्यांना काय, माझ्या डोळ्यावर केस नाहीत ना."

हसू दाबत मी भुजंगरावांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. हातातलं कार्ड तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं बाहेर लाईनीत बसले होते, नंबर लावून. चष्मा लागल्यावर सुभद्राबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "लई वाळलात की तुम्ही." भुजंगरावांच्या गुणांबद्दल मी सांगते आहे, पण त्यांच्या घरात माणसाला आपली पाळी यायची वाट पाहावी लागे, हेही खरं.

सुलतानचं प्रकरण लगेच मिटलं नाही. त्यांच्या खात्यातल्या एका वरिष्ठ साहेबांना सुलतानचं पिल्लू पाहिजे होतं. भुजंगरावांनी सांगितलं, "देतो साहेब. पण सोबत चिठ्ठी देतो, की हे नाय तर ह्याची लेकरं आंधळी होऊ शकतात. तुमच्याकडून ज्याच्याकडं जाईल त्यालाबी ती चिठ्ठी दाखवायची." साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. त्या वर्षी भुजंगरावांची बढती राहिली. त्याचा त्या चिठ्ठीशी संबंध होता की नव्हता हे मला ठाऊक नाही. त्यांनी तो कधी जोडला नाही. मात्र त्याच आठवड्यात ते सुलतानला साळवे डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्याला खच्ची करून आणलं. ऑपरेशन चालू असताना ते पायरीवर बसून होते, सुलतानचा पट्टा दोन्ही हातांत धरून. मी विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाले, "वाटतं ना. पण माझ्या वाटण्यानं पिल्लाला दिसणार हाय का?"

याची किंमत त्यांनी मोजली ती दोस्तीत. हबीबसाहेबांकडे चांदणीची सख्खी बहीण होती, रोझी. शिबिरात रोझीची नजर साफ निघाली होती आणि हबीबसाहेबांना तिची पिल्लं घ्यायची होती, सुलतानच्याच एका मुलाकडून. भुजंगराव छावणीत गेले. मीही सोबत होते, हबीबसाहेबांच्या आईचे डोळे बघायला. अंगणात बाजेवर बसून भुजंगरावांनी शजरा उघडला आणि नावं दाखवत सांगितलं की ही जोड लावू नकोस.

हबीबसाहेब मृदू माणूस. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बदलला. "भुजंग, तूच म्हणाला ना, रोझी की नजर साफ है? तेरे हाथ की चिठ्ठी है मेरे पास."

"आज साफ हाय. तिच्या पोटात काय हाय ते मला दिसत नाय, तुला दिसत नाय, ह्या बाईंना दिसत नाय."

"मेरे घर के बच्चों में ऐब निकालरा तू?"

"माझ्या घरातून आलाय तो ऐब, हबीब. म्हणून तर सांगायलो."

हबीबसाहेबांनी शजरा मिटून त्यांच्या हातात दिला. "चहा घे और जा," म्हणाले. भुजंगराव चहा न घेता उठले. चाळीस वर्षांत ते त्या घरातून चहा न घेता कधी निघाले नव्हते. रस्त्यात मी म्हणाले की जरा मऊपणानं सांगता आलं असतं. ते म्हणाले, "मऊच सांगितलं. गोष्टच कडक हाय."

रोझीला चार पिल्लं झाली. पुढची चार वर्षं हे दोन मित्र एकमेकांशी बोलले नाहीत. शजऱ्यात नवीन नावं चढत होती, पण शेजारी चेहऱ्याची जागा कोरी राहायची. दुसऱ्या कुणाकडून ते चेहरे काढून घ्यायला भुजंगराव तयार नव्हते.

चार वर्षांनी एका सकाळी हबीबसाहेब माझ्या दवाखान्यात आले. रोझीची मुलगी राणी त्यांच्या हातात होती. एक डोळा लाल, अर्धा मिटलेला. मी यंत्राखाली पाहिलं. हबीबसाहेबांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "बिटिया, उसको बुला दो. मैं किस मुँह से जाऊँ?"

रज्जाकमियां सायकल घेऊन गेले. भुजंगराव कचेरीतून तसेच आले, शाई लागू नये म्हणून बाह्यांवर चढवलेल्या काळ्या कापडी खोळी काढायलाही विसरून. दारात उभे राहून त्यांनी दोस्ताकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार वर्षांचं सगळं निघेल. त्यांनी फक्त राणीला उचललं, तिचा जबडा तळहातावर घेतला आणि मला विचारलं, "दुसरा डोळा हातात हाय का अजून?"

"आहे."

"मग उद्याच करा. हबीब, तू हिला रात्रीपासून खायला देऊ नको. भूल द्यायची हाय."

एवढंच. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघाले नाहीत, आणि नंतरही कधी निघाले नाहीत. राणीचा एक डोळा वाचला. बरी झाल्यावर ते दोघं हबीबसाहेबांच्या स्कूटरवरून रोझीच्या उरलेल्या तीन पिल्लांच्या घरी गेले, एक थेट बिडकीनला होतं. लोकांना सांगायचं काम हबीबसाहेबांनी स्वतः केलं. भुजंगराव मागे शजरा धरून बसले होते. परत आल्यावर हबीबसाहेबांनी माझ्याच टेबलावर चार वर्षांचे राहिलेले चेहरे काढले. सतरा होते. शेवटच्या चेहऱ्यापर्यंत त्यांचा हात दुखायला लागला, पण उठले नाहीत.

आता म्हणे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की प्रयोगशाळेतून कळतं, दोष आहे की नाही. तेव्हा वाट पाहणं हाच तपास होता. भुजंगरावांनी नीलगिरीतल्या एका चहामळ्यावरून, पत्रव्यवहार करून करून, दुसऱ्या रक्ताचा नर आणला. त्याच्या आईबापांचे, आजाआजींचे डोळे म्हातारपणापर्यंत चांगले होते याची लेखी खात्री त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांकडून घेतली. नर सहा वर्षांचा होईस्तोवर थांबले. मगच आपल्या जुन्या वंशातल्या एका कुत्रीकडून एक वेत घेतलं. पाच पिल्लं झाली. ती पाचही पिल्लं दर वर्षी माझ्याकडे येत आणि दर वर्षी मी म्हणे, साफ. भुजंगराव मान हलवत आणि तारीख लिहीत. सहाव्या वर्षी पाचवं कुत्रं तपासून मी साफ म्हणाले तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला, तो शर्टाच्या टोकाला खूप वेळ पुसला.

"झालं तर मग," मी म्हणाले.

"झालं कुठं? ह्यांच्या आईचा दोष ह्यांच्यात लपलेला असू शकतो. अजून दोन पिढ्या लागतील." लेखणी पुन्हा उचलत म्हणाले, "माझ्या हिशोबात एकच बसंल. पुढची कुणीतरी बघंल."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते सुभद्राबाईंसह पाचोडला राहायला गेले. हबीबसाहेब त्याआधीच वारले होते. आमच्या भेटी कमी झाल्या. वर्षातून एकदा पोस्टकार्ड यायचं, त्यात कुत्र्यांची खुशाली सविस्तर आणि स्वतःची शेवटच्या ओळीत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पाचोडलाच. मी तिथे माणसांच्या डोळ्यांच्या शिबिराला गेले होते आणि तो आठवडी बाजाराचा दिवस होता. शिबिर संपवून जीपकडे जाताना मला कडब्याच्या पेंढ्यांजवळ गर्दी दिसली. आत भुजंगराव पालथे पडले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, काळा कोट धुळीनं मळलेला, कोपरं जमिनीवर टेकलेली, दातांत एक छोटी बॅटरी. समोर एका मेंढपाळाचं कुत्रं होतं. टेरियर नव्हतंच ते, साधं गावठी, भेदरलेलं. मेंढपाळ बाजूला उकिडवा बसला होता.

मी हाक मारली, "भुजंगराव."

त्यांनी माझा आवाज ओळखला असावा. पण वर पाहिलं नाही, कारण कुत्रं नुकतंच शांत झालं होतं. फक्त एक हात मागे करून, पंजा उघडून, मला थांबायची खूण केली आणि बॅटरीचा उजेड अगदी सावकाश त्या डोळ्यावर आणला. मी थांबले. गर्दीही थांबली होती. रस्त्यावरून जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा दिल्यावर मी निघाले. तेव्हाही तो हात तसाच वर होता.